मारुती ८०० (कार्बोरेटर): चोक ओढला की चालू होते, चोक आत ढकलला की बंद पडते

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

वडिलांची १९९७ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, पाच दारांची. कऱ्हाडला घरी असते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते फारसे चालवत नाहीत, त्यामुळे पावसाळाभर शेडमध्ये उभीच होती. आता बाहेर काढली तर हा त्रास.

सकाळी चोक (गार इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची दांडी) पूर्ण ओढून सेल्फ मारला की लगेच सुरू होते. मिनिटभर छान चालते. चोक आत ढकलायला लागलं की फडफडते आणि बंद. पुन्हा सेल्फ मारला की पुन्हा सुरू, पुन्हा तेच.

प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर बदलला, ताजं पेट्रोल भरलं. काही फरक नाही. गावातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडून आत एक नजर टाकली आणि म्हणाले, कार्बोरेटर गेलाय, नवीन बसवा, नाहीतर गाडी काढून टाका. गाडी काढायची नाही. वडिलांचा तिच्यावर जीव आहे आणि माझाही. नवीन कार्बोरेटर घेण्याआधी आणखी काय बघता येईल?

सायलेन्सर

कार्बोरेटरला हात लावू नका अजून. आधी ही उत्तरं द्या:

गाडी बंद पडते ती बटण दाबल्यासारखी झटक्यात, की गचके खात, धापा टाकत?
चोक आत असताना अ‍ॅक्सिलेटरवर हलका पाय ठेवला तर चालू राहते का?
रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला कशी चालते?
बंद पडल्यावर लगेच सुरू होते, की थांबावं लागतं?

चालू होऊन बंद पडणाऱ्या गाडीत "किती वेळाने" आणि "कशी" हेच निम्मं निदान असतं. लोक हे न बघता पार्ट बदलत सुटतात. किल्ली सोडल्या सोडल्या बंद पडली तर इग्निशनचा करंट बघायचा. गरम झाल्यावर पडली तर कॉइल, कंडेन्सर (हे ठिणगीचे भाग) किंवा पेट्रोलची वाफ. चोक गेल्यावर पडली तर मिश्रण पातळ होतंय, म्हणजे पेट्रोल कमी मिळतंय नाहीतर कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. झटक्यात मेली तर बहुतेक वेळा वीज, रडत रडत मेली तर बहुतेक वेळा पेट्रोल.

पन्हाळगड

बॅटरी चेक केली का? पावसाळ्यात उभी होती म्हणताय.

सायलेन्सर

@पन्हाळगड, सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन लगेच पकडतंय, म्हणजे बॅटरीचं काम झालंय. बॅटरी कमजोर असती तर सुरू व्हायलाच कुरकुर झाली असती.

कृष्णाकाठ

मघाशी सगळं करून बघितलं. झटक्यात नाही, गचके खात बंद पडते. अ‍ॅक्सिलेटरवर पाय ठेवला तर चोक पूर्ण आत असतानाही मस्त चालू राहते. ओगलेवाडीपर्यंत जाऊन आलो, रस्त्यावर काहीही तक्रार नाही, पिकअप चांगला. पण पाय उचलला की मरते. फाटकापाशी थांबलो तिथे बंद, घराच्या वळणावर बंद. बंद पडल्यावर लगेच सुरू होते.

यंत्रवेडी

वा, एवढं नेमकं सांगितलंत तर काम सोपं झालं. थोडं सविस्तर लिहिते, कारण हा त्रास जुन्या कार्बोरेटर गाड्यांत फार दिसतो आणि त्यापायी चांगले कार्बोरेटर भंगारात जातात.

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्यात पेट्रोलच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एक मेन जेटची. तुम्ही अ‍ॅक्सिलेटर दाबता, थ्रॉटलची झडप उघडते, हवा जोरात वाहते आणि मेन जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. दुसरी स्लो जेटची. पाय उचललेला असतो तेव्हा झडप जवळजवळ बंद असते, मेन जेटवर ओढ नसते, आणि इंजिन फक्त स्लो जेटच्या बारीक वाटेवर तगून राहतं. तुमची मेन वाट ठणठणीत आहे, रस्त्यावर चालतेय त्यावरून दिसतंच. दोष स्लो वाटेत आहे.

मग चोकवर का चालते? चोक ओढला की वरून येणारी हवा अडते, त्यामुळे मेन जेटवरही ओढ पडते. शिवाय चोकच्या यंत्रणेनेच थ्रॉटल किंचित उघडा राहतो. म्हणजे चोक तुमच्या स्लो वाटेची उणीव झाकतोय.

आता या स्लो वाटेवर एक विजेवर चालणारा छोटा सोलेनॉइड असतो. कार्बोरेटरच्या अंगाला स्क्रूसारखा बसवलेला, अंगठ्याएवढा, मागून वायर येते. किल्ली ऑन केली की त्याला १२ व्होल्ट मिळतात, आतली दांडी मागे सरकते आणि स्लो जेटची वाट उघडते. किल्ली बंद केली की वाट बंद, म्हणजे गरम इंजिन किल्ली काढल्यावरही धडधडत राहत नाही. या सोलेनॉइडला करंट मिळाला नाही, किंवा तो अडकला, तर गाडी अगदी तुमच्यासारखं वागते.

तपासायला काहीच लागत नाही. एअर क्लिनरचा डबा काढा, इंजिन बंद ठेवा. घरातल्या कुणाला तरी किल्ली ऑन-ऑफ करायला सांगा, सेल्फ मारायचा नाही. तुम्ही सोलेनॉइडवर बोट ठेवा. प्रत्येक वेळी "टक" असं बोटाला जाणवलं पाहिजे. जाणवलं तर सोलेनॉइड जिवंत आहे, मग स्लो जेटमध्ये कचरा आहे का ते बघायचं. पावसाळाभर पेट्रोल उभं राहिलं की उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. स्लो जेटचं भोक इतकं बारीक असतं की तेवढ्यानेही ते बुजतं.

म्हापश्याचो

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, पॉइंटवाली (जुन्या पद्धतीच्या इग्निशनची). माझी तक्रार उलटी होती म्हणून सांगतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. सकाळी एकदम छान, आयडलिंग (पाय उचलल्यावरचा इंजिनाचा वेग, म्हणजेच स्लो) स्थिर. पर्वरीचा चढ चढला की झटक्यात बंद, काहीच पूर्वसूचना नाही. सावलीत लावून अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. सगळे म्हणायचे व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने लाइनमध्ये पेट्रोलची वाफ अडते, पंपावर ओलं फडकं टाका. टाकलं, उपयोग नाही. शेवटी बंद पडल्या जागीच एक जादा प्लग वायरीला लावून, बॉडीला अर्थ करून बघितला. ठिणगी नावालाच, पिवळसर. थंड झाल्यावर तोच प्लग निळा, कडक. कंडेन्सर बदलला, त्यानंतर हाच चढ मे महिन्यातही चढलो. बंद पडते त्या क्षणीच तपासा. थंड झाल्यावर सगळंच चांगलं दिसतं.

सायलेन्सर

@म्हापश्याचो, अगदी. व्हेपर लॉकमध्ये गाडी आधी ओढ सोडते, गचके देते. झटक्यात मरणं त्याचं लक्षण नाही.

नाशिकची_सई

माझी २००३ची ८००, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली. चोकच नाही. पण सकाळी सुरू होते आणि काही सेकंदांत बंद. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला टिकते. हा धागा माझ्यासाठी पण आहे का?

यंत्रवेडी

@नाशिकची_सई, दुखणं तसंच दिसतं पण रस्ता वेगळा. तुमच्या गाडीत स्लो जेटचं काम आयडल एअर व्हॉल्व्ह करतो. थ्रॉटल बंद असताना बाजूच्या वाटेने किती हवा सोडायची ते तो ठरवतो. वर्षानुवर्षं त्यावर आणि थ्रॉटल बॉडीवर काजळी धरते, हवा पुरत नाही, इंजिन मरतं. हलका पाय ठेवल्यावर टिकत असेल तर आधी थ्रॉटल बॉडी आणि हा व्हॉल्व्ह साफ करून घ्या.

आणखी एक. किल्ली ऑन केल्यावर, सेल्फ मारण्याआधी, मागच्या सीटच्या बाजूला दोन-तीन सेकंद "गुंऽऽ" असा पंपाचा आवाज येतो का ऐका. किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला आणि पहिल्याच वेळी टिकली, तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतंय. पंपातला उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर.

ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर मात्र आत्ताच घेऊ नका. आपल्याकडे ओबीडी (गाडीच्या संगणकाने दोष ओळखून स्कॅनरला सांगायची सोय) सक्तीची झाली २०१० नंतर. त्याआधीच्या गाड्यांशी तो बोलेलच असं नाही.

मिशिगनहून_मंदार

इकडे साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्या जपणारे बरेच आहेत. त्यांच्यात एक प्रकार ठरलेला: सेल्फ फिरतोय तोवर इंजिन धडाधड पेटतं, किल्ली सोडली की त्याच क्षणी मेलं. कारण सेल्फ मारताना कॉइलला थेट बॅटरीचा करंट जातो आणि किल्ली सोडल्यावर बॅलास्ट रेझिस्टरमधून जातो. तो रेझिस्टर तुटला की दुसरी वाट बंद. ज्या गाडीत बॅलास्ट नाही तिच्यात इग्निशन स्विचचा "ऑन"चा संपर्क झिजला तरी हेच होतं. किल्ली थोडी हलवून धरल्यावर चालू राहत असेल तर स्विच बघा.

इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्याही किल्लीची चिप ओळखता आली नाही तर एक-दोन सेकंद चालून बंद होतात. तेव्हा डॅशवरचा किल्लीचा दिवा लुकलुकतो. दुसरी किल्ली लावून बघणं सगळ्यात सोपं.

कृष्णाकाठ

आज दुपारी डबा काढला. आईला किल्लीवर बसवलं. सोलेनॉइड लगेच सापडला. बोट ठेवलं, आईने ऑन केलं, ऑफ केलं, पुन्हा ऑन केलं. काहीच नाही. टक नाही, थरथर नाही. म्हणजे सोलेनॉइड जळालाय? इथे सुट्टा मिळेल का?

यंत्रवेडी

थांबा, लगेच विकत आणू नका. "टक" नाही याचे दोन अर्थ होतात: सोलेनॉइड मेलाय, किंवा त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाही. कनेक्टर सोडवा. मध्ये छोटा फ्यूज असलेली वायर घ्या आणि बॅटरीच्या प्लसवरून सोलेनॉइडच्या टोकाला क्षणभर लावा. वायर जोडताना आधी सोलेनॉइडचं टोक, मग बॅटरीचं. म्हणजे ठिणगी पडलीच तर कार्बोरेटरपासून लांब पडेल. तिथे पेट्रोलचा वास असेल तर हे करूच नका, आधी सगळं पुसून कोरडं होऊ द्या.

देवगड_हापूस

हे वाचणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती. बंद शेडमध्ये, शटर खाली ओढून इंजिन चालू ठेवून आयडलिंग सेट करत बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड झाल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बऱ्याच जुन्या कार्बोरेटर गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) नसतो, त्यामुळे धुरात त्याचं प्रमाण जास्त. चोकवर तर आणखी जास्त. गाडी अंगणात घ्या. आणि कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारायची जी पद्धत आहे ती कायमची सोडा. उलट भडका आला की हात आणि चेहरा दोन्ही त्याच्या समोर असतात.

कृष्णाकाठ

गाडी अंगणात घेऊनच करतोय, धन्यवाद. सांगितल्याप्रमाणे थेट वायर लावली. टक! अगदी स्पष्ट. काढली, पुन्हा टक. सोलेनॉइड चांगला आहे.

सायलेन्सर

मग करंट कुठे अडलाय ते शोधा. टेस्ट लॅम्प घ्या, एक टोक इंजिनच्या अर्थला, दुसरं कनेक्टरच्या आत, किल्ली ऑन. दिवा लागत नसेल तर वायर धरून मागे मागे जात राहा. शेडमध्ये उभी होती म्हणताय ना? उंदीर.

कृष्णाकाठ

उंदीरच! वायरिंगचा जुडगा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूने येतो तिथे टेप कुरतडलेली, आणि आत सोलेनॉइडची वायर दोन धाग्यांवर लोंबत होती. तांबं हिरवं पडलेलं. ते धागे बोटाने दाबले तर टेस्ट लॅम्प लागायचा, सोडले की विझायचा. शेजारच्या दोन वायरींचंही रबर खाल्लंय, पण तांबं शाबूत आहे. वायरिंगवाल्याला घरी बोलावून चांगला तुकडा झाळून घेतला, वर स्लीव्ह चढवली.

आणि चोक आत ढकलून, पाय उचलून, गाडी चालू राहिली! वडील ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. "स्लो जरा कमी आहे, वाढव," एवढंच म्हणाले, पण स्वतः उठून बॉनेटपाशी आले.

एक शंका उरलीय. गार असताना ठीक, पण गाडी चांगली गरम झाली की आयडलिंग वरखाली होतं. एकदा सिग्नलला हेडलाइट लावले तेव्हा बंदच पडली.

यंत्रवेडी

फार छान! उरलेलं बहुधा हवेच्या गळतीचं आहे. इनटेक मॅनिफोल्डला (कार्बोरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांना) चार-पाच रबरी पाइप जातात, पंचवीस-तीस वर्षांत ते कडक होऊन टोकाशी चिरतात. तिथून हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. गार असताना चोक ते झाकतो. हेडलाइट लावले की अल्टरनेटरचा भार वाढतो, आधीच काठावर असलेलं आयडलिंग कोसळतं.

गरम इंजिन आयडलिंगवर ठेवा आणि एकेक पाइप मॅनिफोल्डच्या अगदी जवळ पकडीने हलकेच दाबा, मध्ये कापडाची चिंधी ठेवा. ज्या पाइपला दाबल्यावर आयडलिंग सुधारेल तो दोषी. ब्रेक बूस्टर असेल तर त्याचाही पाइप बघा. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारूनही गळती सापडते, पण गरम सायलेन्सर मॅनिफोल्डशेजारी मी ते सुचवणार नाही.

पन्हाळगड

हल्लीच्या पेट्रोलमुळे तर नसेल? २० टक्के इथेनॉल आहे त्यात.

सायलेन्सर

सगळं खापर इथेनॉलवर फोडणं मला पटत नाही. वायर उंदराने खाल्ली होती.

यंत्रवेडी

वायरीचं खरं आहे, पण पन्हाळगड यांचा मुद्दा सोडू नका. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. दोन्ही वजनाने. म्हणजे २० टक्के मिश्रणाला १३.५च्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर संगणक हे जुळवून घेतो. कार्बोरेटरला ती अक्कल नाही, जेटचं भोक आहे तेवढंच राहतं, मिश्रण थोडं पातळ होतं. एवढ्याने चांगली गाडी बंद पडत नाही. पण पाइप चिरलेला असेल आणि त्यात हे, तर बंद पडते.

दुसरं, जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं, मऊ करतं. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी तुकडे इथेनॉल चालेल अशा होजचे घाला. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

इंद्रायणी_८९

पेट्रोल पुरवठ्याचा विषय निघालाय तर एक खूण सांगतो. फ्लोट चेंबरमध्ये थोडंसंच पेट्रोल मावतं. आयडलिंगला ते काही मिनिटं पुरतं, रस्त्यावर त्याहून खूप कमी वेळ. म्हणून फिल्टर तुंबला असेल किंवा मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटला असेल, तर गाडी अंगणात उत्तम चालते आणि गल्लीच्या टोकाला जाऊन मरते. थोडं थांबलं की चेंबर भरतं, पुन्हा तेवढंच अंतर. माझ्या ओम्नीला हे झालं होतं, तेव्हा टाकीचं झाकण उघडलं तर "सूंऽ" करून हवा आत गेली. झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं, टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पंपाला पेट्रोल ओढवत नसे. खर्च शून्य, टाचणीने भोक मोकळं केलं.

कृष्णाकाठ

पाइप सापडला. एअर क्लिनरखाली, मॅनिफोल्डच्या नळीवर बसतो त्या टोकाला चीर होती. वरून दिसत नव्हती, वाकवल्यावर उघडायची. दाबला की इंजिन शांत. नवीन पाइप आणि क्लिप घातली. पेट्रोलच्या लाइनचे रबरी तुकडेही बदलले. फिल्टरमध्ये काळी भुकटी निघाली, ती जुन्या होजचीच असावी.

आता स्लो सेट कसा करू? दोन स्क्रू दिसतात.

यंत्रवेडी

इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण आत, दिवे-पंखा बंद. एक स्क्रू थ्रॉटलच्या दांडीला टेकतो, तो फक्त वेग ठरवतो. दुसरा कार्बोरेटरच्या बुडाशी आत जातो, तो मिश्रणाचा. आधी तो किती फेऱ्या उघडा आहे ते मोजून लिहून ठेवा. मग हळूहळू आत घ्या, इंजिन अडखळेल. तिथून हळूहळू बाहेर घ्या, सगळ्यात मऊ आणि वेगवान चालेल तिथे थांबा. मग पहिल्या स्क्रूने आयडलिंग ९००च्या आसपास आणा. मिश्रणाचा स्क्रू आत पूर्ण आवळू नका, सुईचं टोक चेपलं तर खरंच नवा कार्बोरेटर लागेल. शेवटी हेडलाइट लावून बघा. आवाज किंचित उतरावा, पण गाडी मरता कामा नये. त्यानंतर पीयूसी करून घ्या, म्हणजे मिश्रण मर्यादेत आहे का तेही कळेल.

कृष्णाकाठ

झालं. हेडलाइट लावले, वायपर लावला, तरी स्थिर. पीयूसी पास. वडिलांना शेजारी बसवून कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत नेऊन आणलं, एकदाही बंद पडली नाही. येताना त्यांनीच चालवली. सगळ्यांचे मनापासून आभार. ते गॅरेजवाले सांगत होते तो कार्बोरेटर आहे तसाच आहे, उघडलासुद्धा नाही.

सायलेन्सर

वडिलांना नमस्कार सांगा. त्या दोन अर्धवट खाल्लेल्या वायरींनाही स्लीव्ह घालून घ्या. शेडमध्ये उभी करताना बॉनेट उघडं ठेवा, उंदराला अंधार आणि ऊब लागते.

इंद्रायणी_८९

हाच सोलेनॉइड ओम्नीच्या कार्बोरेटरला बसतो का? इंजिन तर तेच, ७९६ सीसी, तीन सिलेंडर.

यंत्रवेडी

इंजिन तेच असलं तरी कार्बोरेटर सालाप्रमाणे बदलत गेले. जुना सोलेनॉइड काढून दुकानात सोबत न्या, आटे आणि दांडीची लांबी ताडून घ्या. दांडी आखूड निघाली तर किल्ली बंद केल्यावरही वाट नीट बंद होत नाही, आणि लांब असेल तर उघडतच नाही.